नातीच्या शर्यतीसाठी उत्तर कॅरोलायनात सात दिवस

सोमवार

मुंबईहून निघून, वाटेत एकदा विमान बदलून शार्लटला उतरलो तेव्हा तिथे दुपार झाली होती. न्यायला भाचा आला होता आणि त्याच्याबरोबर त्याची पंधरा वर्षांची मुलगी. ती मला मामाआजोबा म्हणते. सामान डिकीत ठेवल्यावर ती चालकाच्या जागेवर बसली आणि वडील शेजारी बसले, कारण या राज्यात पंधराव्या वर्षी मिळणाऱ्या शिकाऊ परवान्यावर मोठे माणूस शेजारी असल्याशिवाय रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. हीच मुलगी शनिवारी रात्री हिकरीच्या धावपट्टीवर स्टॉक कारच्या, म्हणजे साध्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या, शर्यतीत उतरणार होती, आणि तेच पाहण्यासाठी मी आलो होतो.

खरे तर पाहणे एवढाच हेतू नव्हता. माझी बहीण, म्हणजे या मुलीची आजी, हिला नातीच्या या खेळाची फार धास्ती आहे. मी दापोडीच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत चौतीस वर्षे काम केले, तेव्हा गाड्यांतले मला कळते आणि माझा शब्द मुलगी ऐकेल, अशी तिची समजूत. निघताना तिने मला हात धरून सांगितले होते, "तिला हे सोडायला सांग." मी हो म्हटले होते. मनातून मलाही तेच योग्य वाटत होते.

मंगळवार

भाच्याचे घर शार्लटच्या ईशान्येला काँकर्डमध्ये आहे. तिथेच 1960 साली सुरू झालेली दीड मैलांची प्रचंड शार्लट मोटर स्पीडवे आहे. मात्र आम्ही संध्याकाळी गेलो ते त्या मोठ्या पट्टीसाठी नव्हे. मुख्य प्रेक्षागाराच्या समोरच्या सरळ भागात पाव मैलाची एक छोटी लंबगोल पट्टी आखलेली आहे आणि उन्हाळ्यात तिथे मुलांच्या शर्यती होतात. आठ वर्षांपासूनची मुले बॅंडोलेरो नावाच्या छोट्या गाड्या पळवतात. लोखंडी नळ्यांचा पिंजरा, त्यावर स्टॉक कारसारखे दिसणारे कवच आणि सुमारे तीस अश्वशक्तीचे इंजिन अशी ती गाडी असते. त्यापुढची पायरी लेजंड्स गाड्यांची. 1930-40च्या दशकांतल्या मोटारींच्या पाच-अष्टमांश आकाराच्या या गाड्यांत मोटारसायकलचे इंजिन बसवलेले असते. नातीने नवव्या वर्षी इथूनच सुरुवात केली. कठड्याशी उभी राहून ती मला कोणत्या वळणावर पहिल्यांदा गिरकी खाल्ली, कोणत्या ठिकाणी पहिल्यांदा कुणाला मागे टाकले, हे दाखवत होती. आपण आपली जुनी शाळा पाहुण्याला दाखवतो, तसे.

जाताना वाटेत कॅनापोलिस लागले. डेल अर्नहार्ट या विख्यात चालकाचे हे गाव, आणि गावाच्या मध्यभागी त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. 18 फेब्रुवारी 2001 रोजी डेटोना 500 शर्यतीच्या शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून तो गेला. कवटीच्या तळाशी हाड मोडले होते. शरीर पट्ट्यांनी जखडलेले असते, पण डोके मोकळे असल्यामुळे ते पुढे फेकले जाते आणि मानेवर सगळा ताण येतो. डोके आणि मान सांभाळणारे 'हान्स' नावाचे उपकरण तेव्हा उपलब्ध होते, पण सक्तीचे नव्हते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये नॅसकार या स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेने आपल्या मोठ्या मालिकांत असे साधन बंधनकारक केले. नातीने मला हे पुतळ्यासमोर उभे राहून सांगितले, आणि तिच्याकडे ते आहे, हेही सांगितले. माझ्या मनातला प्रश्न तिने ओळखला होता, असे मला वाटले.

बुधवार

शार्लट शहरातले नॅसकार हॉल ऑफ फेम पाहिले. 2010 साली उघडलेल्या या संग्रहालयात एक रस्ता आहे, जो आरंभी सपाट असून पुढे हळूहळू तेहतीस अंशांपर्यंत कलत जातो आणि त्याच्यावर जुन्या गाड्या उभ्या आहेत. तेहतीस अंश हा आकडा वाचून काही कळत नाही. शेजारी उभे राहिल्यावर आपण त्या उतारावर नीट चालूही शकणार नाही, हे लक्षात येते.

मी सर्वांत जास्त वेळ थांबलो ते दारू गाळण्याच्या भट्टीपुढे. ज्युनिअर जॉन्सन या चालकाने ती संग्रहालयासाठी स्वतः जोडून दिली आहे. या राज्याच्या डोंगराळ भागात हातभट्टीची दारू रात्री मोटारींतून शहरांकडे जात असे. अबकारी खात्याच्या गाड्यांना चुकवायचे म्हणून ही माणसे साध्या दिसणाऱ्या मोटारींची इंजिने आणि स्प्रिंगा घरीच सुधारत. या खेळाचे एक मूळ तिथे आहे. नॅसकार ही संस्था 1948 साली स्थापन झाली आणि तिची दुकानात मिळणाऱ्या मूळ मोटारींची पहिली शर्यत 19 जून 1949 रोजी याच शार्लटमध्ये, मातीच्या पट्टीवर झाली. ग्लेन डनवे पहिला आला. मग तपासणीत त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगांचे पाटे दारू वाहणाऱ्या गाड्यांसारखे बदललेले सापडले, तो बाद झाला आणि कॅन्ससहून आलेल्या जिम रोपरला विजेता ठरवण्यात आले. आयुष्यभर एसटीचे पाटे बदलले असल्यामुळे पाट्यांवरून निकाल फिरलेली ही हकिगत मला फारच जवळची वाटली. त्याच शर्यतीत सेरा ख्रिश्चन ही स्त्रीही धावली होती. म्हणजे बायका या खेळात पाहुण्या म्हणून मागाहून आलेल्या नाहीत. त्या पहिल्या दिवसापासून आहेत.

वेंडेल स्कॉट यांच्यासमोर मात्र भाचेसून बराच वेळ उभी राहिली. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा हा कृष्णवर्णी मेकॅनिक आणि चालक 1 डिसेंबर 1963 रोजी जॅक्सनव्हिलची शर्यत जिंकला, पण मैदानावर विजेता म्हणून बक बेकरचे नाव पुकारले गेले. प्रेक्षक निघून गेल्यावर काही तासांनी फेऱ्या मोजण्यात चूक झाल्याचे मान्य झाले. खरी ट्रॉफी त्यांच्या हयातीत त्यांना मिळालीच नाही. नॅसकारने त्या विजयाची ट्रॉफी त्यांच्या कुटुंबाला 2021 साली दिली. भाचेसून म्हणाली, "मामा, पहिल्या वर्षी पिटमध्ये, म्हणजे गाड्या तयार करायच्या जागेत, गेलो तेव्हा आपल्यासारखे दिसणारे दुसरे कुणी नव्हते. तेव्हा मला यांचा आधार वाटायचा. हेही मुलांना हाताशी घेऊन स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करत."

गुरुवार

हा दिवस मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. मूर्सव्हिल हे गाव स्वतःला 'रेस सिटी' म्हणवते आणि ते खरेच आहे, कारण मोठमोठ्या संघांच्या कार्यशाळा तिथे आहेत. त्याच गावात भाच्याने एक छोटा गाळा भाड्याने घेतला आहे. त्यात नातीची लिमिटेड लेट मॉडेल या गटातली स्टॉक कार, हत्यारांची दोन कपाटे, टायरांची चवड आणि भिंतीवर गणपतीची तसबीर. मोठ्या संघांत काम करून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले एक स्थानिक मेकॅनिक आठवड्यातून दोनदा केवळ आवडीपोटी मदतीला येतात. त्यांची आणि माझी भाषा वेगळी, पण पाना हातात धरण्याची रीत सारखीच, त्यामुळे अर्ध्या तासात आमचे जमले.

स्टॉक कार म्हणजे दुकानातली मोटार, हा अर्थ आता फक्त नावापुरता उरला आहे. आत नळ्यांचा सांगाडा, बाहेर पातळ कवच, आणि इंजिन कंपनीतून मोहोरबंद आलेले, साधारण साडेतीनशे अश्वशक्तीचे. मोहोर तोडून आत हात घालता येत नाही, त्यामुळे ज्याच्याकडे पैसा जास्त त्याचे इंजिन जोरकस, हा प्रकार बराच कमी होतो. मग फरक पडतो तो गाडीच्या बैठकीत आणि चालकाच्या हातापायांत.

गाडी फक्त डावीकडे वळणार असल्यामुळे ती मुळातच वाकडी बांधलेली असते. मागची दोन्ही चाके एकाच धुऱ्याला घट्ट जोडलेली असतात आणि एकाच गतीने फिरतात, म्हणून बाहेरचा उजवा टायर आतल्या डाव्यापेक्षा परिघाने थोडा मोठा निवडतात. नात जमिनीवर बसून फितीने एकेका टायरचा घेर मोजत होती आणि वहीत लिहीत होती. पाण्याचे फुलपात्र आडवे करून ढकलले तर ते अरुंद बुडाच्या बाजूला वळत गोल फिरते, त्यातलाच हा प्रकार. डेल अर्नहार्टचे वडील राल्फ यांनी ही युक्ती प्रथम वापरली, असे इथे मानतात. तेही हिकरीला धावत असत.

त्यानंतर चारही चाकांखाली चार वजनकाटे सरकवले. बाजेच्या एका पायाखाली चकती सरकवली, तर भार त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पायावर वाढतो व उरलेले दोन पाय हलके होतात, हे घरातल्या कोणालाही ठाऊक असते. स्प्रिंगेवरचा स्क्रू अर्धा आटा फिरवून हीच गोष्ट इथे करतात. उजवे पुढचे आणि डावे मागचे चाक यांच्यावरचा भार वाढवला, की गाडी 'टाइट' होते, म्हणजे तिचे नाक वळत नाही. तो कमी केला, की ती 'लूज' होते, म्हणजे मागून सुटू पाहते. या दोन शब्दांवर सगळा आठवडा चालतो. आकडा लिहून ठेवल्याशिवाय एकही आटा फिरवायचा नाही, हा त्या वृद्ध गृहस्थांचा नियम आहे आणि नात तो पाळते. कार्यशाळेत मी नव्या पोरांना हेच शिकवायला वर्षे घातली.

शुक्रवार

सकाळी गाडी ट्रेलरवर चढवली. दुपारी भाच्याने मला उत्तरेला विल्क्स काउंटीत नेले आणि नॉर्थ विल्क्सबरोची पट्टी दाखवली. 1947 साली सुरू झालेली ही पट्टी समोरच्या बाजूला उतरते आणि मागच्या बाजूला चढते. 1996 नंतर इथल्या मोठ्या शर्यती थांबल्या, प्रेक्षागारात झाडे वाढली, आणि 2023 साली नॅसकारची ऑल-स्टार शर्यत इथे परतली. परतताना वादळी पाऊस लागला. रात्री भाचेसुनेने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी करून डबे भरले.

शनिवार

हिकरी मोटर स्पीडवे हिकरी शहराला लागून असलेल्या न्यूटनमध्ये आहे. 1951 साली मातीची पट्टी म्हणून ती सुरू झाली. आज डांबरी असून तिची लांबी 0.363 मैल, म्हणजे सहाशे मीटरच्या आतच आहे. ज्युनिअर जॉन्सन, नेड जॅरेट, हॅरी गँट असे चालक इथे घडले, म्हणून नॅसकारच्या ताऱ्यांची जन्मभूमी असे ती अभिमानाने सांगते.

पिटच्या दारात सर्वांना जबाबदारीच्या कागदावर सही करावी लागते. अल्पवयीन चालकासाठी आईवडिलांनी वेगळा कागद भरायचा असतो. भाचेसुनेने तो दर आठवड्यासारखाच शांतपणे भरला, पेनाचे टोपण लावले आणि क्षणभर मुलीच्या पाठीवर हात ठेवला. त्या वेळी बहिणीचा शब्द मला फार जड वाटला.

सरावाच्या दुसऱ्याच खेपेत एका गाडीचा धक्का लागून नातीचे उजवे पुढचे चाक भिंतीला घासले आणि टाय रॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा, वाकला. आमच्याकडचा जादा रॉड मापात बसेना. शेजारच्या जागेवर तिच्याच गटात धावणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाचे कुटुंब होते. मुलाच्या वडिलांनी न विचारता आपला रॉड आणून दिला आणि तो बसवायला गाडीखालीही शिरले. खेड तालुक्यातल्या आमच्या गावी जत्रेत बैलगाडे धावतात. 2014च्या बंदीनंतर डिसेंबर 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा परवानगी दिली, तेव्हा घाटावर जमलेल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी मी पाहिले आहे. बारी काही सेकंदांत संपते, पण तिच्यामागे घरातली लहानथोर सगळी माणसे वर्षभर राबतात, आणि ऐन वेळी जू मोडले तर दुसऱ्या गाड्याचा मालकच आपले काढून देतो. पिटमध्ये मला ते सगळे आठवले.

तिसऱ्या सरावानंतर नात खाली उतरली आणि म्हणाली, "वळणात शिरताना ठीक आहे. मधोमध टाइट आहे, नाक जातच नाही. आणि बाहेर पडताना गॅस दिला की लूज होते." भाचा लगेच मागची बाजू घट्ट करायला निघाला होता. वृद्ध मेकॅनिकने त्याला थांबवले आणि मुलीला एकच विचारले, मधोमध तू चाक जास्त वळवतेस का. ती विचार करून हो म्हणाली. मग त्यांनी समजावले की दोष दोन नाहीत, एकच आहे. नाक वळत नाही म्हणून ती स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त कापते, आणि तसेच कापलेले असताना गॅस दिला की पुढची चाके एकदम पकड घेतात आणि मागचा भाग निसटतो. मागून सुटते म्हणून गाडी आणखी टाइट केली असती, तर मूळ रोग वाढला असता. त्यांनी तिरका भार अर्ध्या आट्याने कमी केला. एसटीत चालक तक्रारवहीत दोन दोष लिहीत, तेव्हा कोणता आधीचा आणि कोणता त्यातून उपजलेला हे ओळखण्यात खरी कारागिरी असे. त्यासाठी चालकाने नेमके सांगावे लागते, आणि नेमके सांगणारे चालक मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले. या मुलीने तीन वाक्यांत शिरताना, मध्ये आणि बाहेर पडताना असे वळणाचे तीन भाग वेगळे करून सांगितले होते.

वेळनोंदणीच्या फेरीत ती पंधरा गाड्यांत नववी आली. तिची फेरी सोळा सेकंदांच्या किंचित आत होती, म्हणजे चार वळणांच्या या छोट्या पट्टीवर ताशी सरासरी एकशे तीस किलोमीटरहून अधिक. अंधार पडू लागला, प्रार्थना आणि राष्ट्रगीत झाले, आणि चाळीस फेऱ्यांची शर्यत सुरू झाली. भाचा प्रेक्षागाराच्या माथ्यावर उभा राहून रेडिओवर तिला आजूबाजूला कोण आहे एवढेच सांगत होता. माझ्या कानावरही एक संच होता. त्याचा स्वर एकदाही चढला नाही. आत एक आहे, अजून आहे, गेला, मोकळी. बाप म्हणून त्याच्या पोटात काय होत असेल ते मला माहीत आहे. आवाजात त्याचा मागमूस नव्हता.

सव्विसाव्या फेरीला चौथ्या वळणाजवळ दोन गाड्या एकमेकींना भिडल्या आणि त्यांतली एक सरळ भिंतीवर गेली. पिवळा बावटा पडला. ती गाडी आम्हाला रॉड देणाऱ्या कुटुंबाच्या मुलाची होती. धूर होता, दिव्यांच्या उजेडात काही स्पष्ट दिसत नव्हते, आणि सगळे पिट एकदम गप्प झाले. भाचेसुनेने त्या मुलाच्या आईचा हात धरला. ती हळूच मला म्हणाली, "मामा, खिडकीची जाळी बघा. चालक ठीक असेल तर तो जाळी खाली पाडतो." आम्ही सगळे त्या एका चौकोनाकडे पाहत राहिलो. जाळी खाली आली. मग आतून एक हात बाहेर आला. हान्स, अंगाला बिलगणारी खुर्ची, सहा टोकांचे पट्टे, पुतळ्यासमोर नातीने सांगितलेले सगळे मला तेव्हा उमगले.

पुढच्या चौदा फेऱ्यांत नातीने तिघांना मागे टाकले. गाडीचे नाक आता वळणाच्या मध्यात आतल्या कडेला चिकटून जात होते, हे मला वरूनही दिसत होते. ती सहावी आली. उतरल्यावर तिने आधी त्या मुलाची चौकशी केली, मग वहीत टायरांची उष्णता उतरवून घेतली आणि मगच पाणी मागितले. रात्री उशिरापर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून शेजाऱ्यांची मोडलेली गाडी त्यांच्या ट्रेलरवर चढवली. दशम्यांचा दुसरा डबा त्यांच्याबरोबर गेला.

रविवार

सकाळी गाळ्यावर गाडी धुतली. चाकांच्या कमानींत वितळलेल्या रबराचे काळे गोळे चिकटलेले असतात, ते सुरीने खरवडून काढावे लागतात. हे काम मी मागून घेतले. नात शेजारी बसून उसना रॉड परत करण्यासाठी नवा मागवत होती आणि त्याचे पैसे आपल्या खाऊच्या पैशांतून द्यायचे की वडिलांच्या, यावर तिची वडिलांशी बोलणी चालली होती.

बहिणीचा फोन आला तेव्हा पुण्यात संध्याकाळ होती. तिने थेट विचारले, "सांगितलेस का तिला?" मी सांगितले नव्हते, आणि सांगणार नाही, हेही मी तिला म्हणालो. मग मी तिला जाळीबद्दल सांगितले, भिंतीवर आदळलेल्या मुलाबद्दल काही न लपवता सांगितले, तिच्या सुनेने कागदावर केलेली सही आणि पोरीची वही यांबद्दल सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने विचारले की तिथल्या शनिवारच्या रात्रीची शर्यत आपल्याकडे किती वाजता असते. रविवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास, असे मी सांगितले. ती म्हणाली, "पाचला मी उठलेलीच असते. त्या वेळी मला फोन लावून द्यायला सांग, आणि जाळी कुठली ते आधी नीट दाखवायला सांग."